गोलकीपरचं नाव

आमच्या ह्यांना, म्हणजे केरूला, सगळा मखमलाबाद नाका 'गेमवाला' म्हणून ओळखायचा. लग्न जमवताना मला सांगितलं होतं, मुलाची फुलशेती आहे आणि शिवाय दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, त्यात टीव्ही, व्हिडिओ गेमची मशीनं आणि तासाच्या हिशोबाने खेळायला येणारी कॉलेजची मुलं. सकाळी झेंडू तोडून बाजारात पोचवायचा आणि दुपारी शटर उघडायचं, असा ह्यांचा दिवस.

त्या खोलीत देवाच्या फोटोखाली खिळ्याला एक मेमरी कार्ड टांगलेलं असायचं. काडेपेटीएवढं, करड्या रंगाचं. मशीनच्या खाचेत ते खोचलं की खेळ काल जिथे सोडला तिथून पुढे सुरू होतो. गिऱ्हाइकांची कार्डं एका डब्यात कशीही पडलेली असत, पण ह्या एकाला कुणी बोट लावायचं नाही. दर खंडेनवमीला विळे, खुरपी, फवारणीचा पंप पाटावर मांडले की त्यांच्या शेजारी हेही मांडलं जायचं. सासूबाई त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवायच्या. पहिल्या वर्षी मला हसू आलं, तर हे भरल्या ताटावरून उठून गेले.

मग सासूबाईंनी सांगितलं. हे आधी ओझरच्या कारखान्यात अप्रेंटिस होते. मामंजींची कंबर धरली, मळ्यात वाकणं बंद झालं, तेव्हा दोघा भावांपैकी एकाने घरी थांबणं भाग पडलं. धाकटा रविराज बारावीला होता, हुशार होता. थांबले ते हेच.  घराला जोड म्हणून ही खोली टाकली, पण तोंड उतरलेलं ते उतरलेलंच. एक दिवस रविराज भाऊजींनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, हेच कार्ड खोचून फुटबॉलचा गेम लावला आणि म्हणाले, "दादा, ही माझी टीम. गोलकीपरला तुझं नाव टाकलंय. आम्ही सगळे पुढे पळणार, पण मागे तू आहेस म्हणून."

गेमची तबकडी होती चोरटी आणि तीही जपानी. त्यातलं अक्षर कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं. मुलं नुसत्या सवयीने बटणं दाबत. गोलकीपरसमोर चार वाकडीतिकडी चिन्हं होती. लग्नानंतर ह्यांनी मला मुद्दाम दुकानात नेलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, हा मी." ओझर सोडल्याबद्दल एवढंच त्यांच्या हातात आलं होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

भाऊजी इंजिनियर झाले, पुण्याला लागले. दरम्यान दुसऱ्या पिढीचं मशीन बाजारात आलं. गिऱ्हाईक टिकवायचं तर ते घेणं भाग होतं. दहीपुलाजवळचा दुकानदार म्हणाला, "जुनं सगळं भंगारात टाका." हे शर्टाच्या खिशात कार्ड घेऊनच गेले होते. म्हणाले, "आधी हे लावून दाखव." नव्या मशीनच्या खाचेत जुनं कार्ड बसलं, जुना गेम चालला, टीम जशीच्या तशी निघाली. मग ती नव्या मोठ्या कार्डात उतरवून बघितली. उतरली, पण जुना गेम तिथून ती उचलायलाच तयार नाही. त्याला त्याचं जुनं कार्डच लागायचं. हे घरी आले ते हसतच. "जुन्याशिवाय भागत नाही बघ," म्हणाले. मशीनबद्दलच बोलत होते असं मला तरी वाटलं नाही.

भाऊजींना कंपनीने जपानला पाठवलं. फोन यायचा तो दिवाळीला, आणि तोही घाईत. मामंजी गेले तेव्हा त्यांना तिकीट मिळालं नाही. मी चिडायचे. हे म्हणायचे, "पुढे खेळणाऱ्याला मागे बघायला वेळ नसतो." मला त्या वाक्याची चीड यायची.

दोन हजार सातच्या दसऱ्याला भाऊजी आले, आदल्या अष्टमीला. दादासाठी तिकडून तिसऱ्या पिढीचं मशीन आणलं होतं, काळं, चकचकीत. हे खिळ्यावरचं कार्ड घेऊन धावले. मशीन उलटंपालटं करून खाच शोधू लागले.

"त्याला खाच नसते, दादा," भाऊजी म्हणाले. "जुनं कार्ड उतरवायला वेगळा अडॅप्टर मिळतो."

"आणलास?"

"कशाला? काय आहे त्यात?"

ह्यांनी मधल्या मशीनला कार्ड लावलं, जुनी तबकडी घातली आणि भाऊजींच्या हातात रिमोट दिला. टीम पडद्यावर आली. भाऊजी पुढे सरकले, एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि हसायला लागले. दोन वर्षं तिकडे राहून त्यांना ती लिपी येत होती.

"अरे, हे तर गेम बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेले खेळाडू आहेत. मी नुसत्या जागा बदलल्या असतील."

"गोलकीपर?" ह्यांनी विचारलं.

भाऊजींनी वाचलं. कुठल्याशा परदेशी माणसाचं आडनाव होतं.

"तू म्हणाला होतास, माझं नाव टाकलंय."

"मी?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. "मला तेव्हा कुठे हे लिहिता येत होतं, दादा? तुझं मन रमावं म्हणून काहीतरी बोललो असेन."

ते मुद्दाम लागेलसं बोलले असते तर मी भांडले तरी असते. मला इतका राग आला की हातातला चहा मी भाऊजींसमोर आदळला. हे मात्र "हो का" म्हणाले आणि मशीन बंद केलं.

"पुढच्या वेळी अडॅप्टर आणतो," भाऊजी म्हणाले.

"नको. खाच नाही तेच बरं आहे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंनी पाट मांडला, विळे-खुरपी ठेवली, नवं मशीन ठेवलं आणि कुंकवाची वाटी घेऊन इकडेतिकडे बघू लागल्या. "केरू, तुझं नाव हाय ते कार्ड कुठं रं?"

भाऊजी फोनवर बोलत दारात उभे होते. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"त्यात माझं नाव नव्हतं, आई," ते म्हणाले. "पंपाला लाव कुंकू. उद्या फवारायचंय."