घरी पडला असे लिहा

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. धारची नोकरी सोडून मी तेव्हा देवासच्या धाकट्या पातीत फौजदार होतो. गाव एकच, पण राज्ये दोन. रस्त्याच्या अलीकडे आमची हद्द, पलीकडे थोरल्या पातीची.

एके सकाळी पलीकडच्या जिनिंग कारखान्याचा मुकादम ठाण्यात आला. कारखान्यातला एक मजूर घरी कवेलू, म्हणजे कौले, फेरताना छपरावरून पडला आणि त्याचा हात चिरडला, अशी खबर त्याने दिली. घर आमच्या हद्दीत होते. मुकादमाचे धोतर स्वच्छ, बोलणे अदबीचे. मी रोजनामच्यात नोंद केली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या गृहस्थाने मला बाजूला घेतले. "साहेब, छपरावरून पडलेल्या माणसाच्या जखमेत कापसाची सरकी कशी निघते? मी स्वतः चिमट्याने काढली. हात सडत चाललाय. डॉक्टर म्हणतात इंदूरला हलवा, पण हलवणार कोण?"

मी तडक मजुराच्या घरी गेलो. बायको दारातच होती. कुठल्या कवेलूवरून पडला, म्हणून विचारले.

"साब, म्हारा घर पे कवेलू कां है?" ती म्हणाली. "घास को छप्पर है."

मी वर पाहिले. गवतच होते. मग तिने रडत सगळे सांगितले.

कारखान्यात दोन सोयी होत्या. यंत्राने इजा झाली तर इंदूरपर्यंतचा इलाज मालकाने करायचा, असे त्याने कारखाना काढतानाच लिहून दिले होते. दुसरी सोय मजुरांची स्वतःची. तापा-खोकल्यासाठी मजुरीतून कापून जमवलेला आजारफंड. कारखान्याच्या मुनिमाने दोन्ही एकात घातले. यंत्रात हात गेला तरी घरी पडला असे लिहायचे, आणि मलम मजुरांच्याच फंडातून द्यायचे. त्या फंडातून इंदूर मिळत नसे. तोंड उघडलेस तर मलमही बंद, असा तिला दम होता.

मुकादमाला बोलावले. तो निर्धास्त होता.

"कारखाना थोरल्या पातीत आहे, फौजदारसाहेब. तिथे आपला हुकूम चालत नाही."

"कारखान्याचे मी विचारतच नाही. खोटी खबर तू कुठे दिलीस?"

त्याची नजर माझ्यापुढच्या रोजनामच्याकडे गेली.

"माझ्या ठाण्यात, माझ्या समोर. ही हद्द माझी. आता सांग, कुणी सांगितले?"

त्याच्या कपाळावर घाम आला. "मुनीमजींनी. या हंगामातला हा चौथा, साहेब."

चौथा! आधीच्या तिघांची कुठे साधी नोंदही नव्हती.

मी जबानी लिहून घेतली आणि तिची नक्कल थोरल्या पातीच्या ठाण्यात स्वतः नेऊन दिली. तासाभरात मालकाची गाडी दवाखान्याच्या दारात आली. माणूस इंदूरला पोहोचला, जगला. पण डॉक्टरांना हात कोपरापासून काढावा लागला. पहिल्याच दिवशी आणला असता तर दोन बोटांवर भागले असते, असे त्यांनी मला लिहून कळवले. मुनीम आणि मुकादम यांना शिक्षा झाली. मालक म्हणाला, मला काही ठाऊकच नव्हते. आणि तो सुटला.

आजारपणाची आणि कामावरच्या इजेची सोय एकत्र करावी, असे हल्ली शहाणी माणसे बोलतात. जरूर करावी. माणसाला दोन्हीकडून आधार मिळत असेल तर मी तिला दोन्ही हातांनी पाठिंबा देईन. पण इजा कुठे झाली हे लिहिण्याची लेखणी मालकाच्या माणसाकडे असेल, तर एकत्र करणे म्हणजे मजुराच्या औषधावर दरोडा आहे, आणि त्याला मी दुसरे नाव देणार नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नेम पाळला. जखमी माणसाची खबर दुसऱ्याने आणली, की आधी जखमी माणसाला भेटायचे आणि मगच लेखणी दौतीत बुडवायची, इतकी साधी गोष्ट. ती शिकायला मला तीन दिवस लागले, आणि तेवढ्यात एका माणसाचा हात गेला.