भोक चुकलेलं पातेलं

वैशालीचा फोन आला तेव्हा मी क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या देशी दुकानात चकल्यांचं पाकीट घेऊन उभा होतो. शनिवारी दुपारी तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे शेखरच्या, गॅरेजमध्ये बियर शिजायची. हे इतकं ठरलेलं की मला वाटलं, येताना कोथिंबीर आण म्हणून सांगणार असेल. "शेखर गेला रे... झोपेतच," ती म्हणाली. मी चकल्या घेऊन तसाच तिच्याकडे गेलो. दुसरं काय करायचं ते सुचेना.

शेखर पुण्याचा, इंजिनिअर. भूकंपानंतर क्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला आलेल्या मंडळींपैकी. मीही त्याच सुमारास आलो, एकटा, आणि सहा महिन्यांत इतका उबगलो की परतीची तिकिटं बघायला लागलो. ऑफिसात सगळे गोड बोलायचे, पण पाच वाजले की या गावात मला हाक मारणारं कुणी नव्हतं. अशात शेखरनं घरी बियर करायचा घाट घातला आणि मला मदतीला धरलं. मोठं स्टीलचं पातेलं आलं. भरडलेली बार्ली गरम पाण्यात भिजत घालतात तेव्हा पाणी फार तापून चालत नाही, म्हणून पातेल्याला बाजूनं भोक पाडून त्यात थर्मामीटर बसवायचा, तळापासून चार बोटं वर. पातेलं हलू नये म्हणून साहेबांनी ते टेबलावर पालथं घातलं, खालून चार बोटं मोजली आणि ड्रिल चालवलं. सुलटं करून बघतो तर भोक काठाखाली चार बोटं! दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारा हा माणूस. वैशाली हसून हसून गॅरेजच्या पायरीवर बसली.

शेजारचा ग्रॅहम जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आला, त्यानं भोकातून बोट घालून पाहिलं. "स्वीट अ‍ॅज, मेट, काही बिघडलं नाही. खाली नवं भोक पाड, वरच्याला बूच लाव."

"पुढच्या आठवड्यात," शेखर म्हणाला. "तोवर भोकापर्यंत भरू, थर्मामीटर बुडला म्हणजे झालं."

अर्धं पातेलं आम्हा दोघांना पुष्कळ होतं, हे तर जवळजवळ काठोकाठ. आता एवढी बियर संपवणार कोण? मग माणसं बोलवावी लागली. ग्रॅहम आला, युनिव्हर्सिटीतली मराठी मुलं आली, ऑफिसातली दोन-चार डोकी आली. आजची शिजवायची, आधीची प्यायची, असा क्रम लागला. न पिणारेही यायचे, कारण बार्लीचा चोथा भाजणीत मिसळून वैशाली थालीपिठं लावायची. बियरचं म्हणाल तर ती कधी कडू, कधी आंबट. एकदा तर ग्रॅहमनंही ग्लास हळूच गुलाबाच्या मुळाशी ओतला. शेखरला त्याचं काही नसायचं. "थालीपीठ गरम आहे ना? मग झालं," म्हणायचा. तो 'पुढचा आठवडा' वर्षानुवर्षं आलाच नाही, आणि मी तिकिटं बघायचं कधी सोडलं ते मलाही कळलं नाही. मला या गावात शेखरनं ठेवून घेतलं. त्याची फार आठवण येते...

गेल्या शनिवारी वैशालीनं गॅरेज आवरायला बोलावलं. पातेलं कुणाला देऊन टाकलं, तर शनिवारही गेलेच म्हणायचे. फळ्या पुसताना मागून एक पाकीट निघालं. आत स्टीलचं बूच, वॉशरसकट. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"हे मीच आणून दिलं होतं," वैशाली म्हणाली. "भोक पाडलं त्याच आठवड्यात. पुढे काही महिन्यांनी बसवलंस का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, बुजवलं तर ही पोरं शनिवारी कुठे जातील?"

मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार... भाजणी जास्त करायला लागले."

तिनं पाकीट होतं तिथे ठेवलं, बागेतली नळी ओढत आणली आणि माझ्या हातात दिली.

"भर," म्हणाली. "भोकापर्यंत."