धनेश छाप मंजन आणि यादीतली एक खूण

तान्हा पोळा. दुपारी साडेतीन. ठिकाण: आलापल्लीचं घर, मागची पडवी.
हजर: सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर सुधाकरभाऊजी, जैनीबाई आणि मी.
गैरहजर: कोणी नाही.
ठरलं ते: हिरडा खराब निघाला. यापुढे जैनीबाईकडून माल घेणे बंद.

वहीतलं हे पान माझ्या अक्षरात आहे. त्यातली हजेरी खरी आहे, वेळ खरी आहे. शेवटची ओळ खोटी आहे — आणि ती खोटी आहे हे त्या पडवीतल्या पाचजणांपैकी दोघींनाच माहीत होतं. एक मी. दुसरीला लिहिता-वाचता येत नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर नाही — तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही. हेसुद्धा आधीच सांगून टाकते.

तुम्ही आमच्या भागातले असाल आणि चाळिशी ओलांडली असेल, तर धनेश छाप मंजनाचा डबा पाहिला असेल. पिवळा पत्र्याचा गोल डबा, त्यावर काळा धनेश पक्षी. सासऱ्यांनी हयात असताना तो स्वतः काढला होता आणि चोच इतकी मोठी झाली होती की पोरं त्याला 'नाकवाला डबा' म्हणायची. आत काळं मंजन — भाजलेला हिरडा, बाभळीची साल, सैंधव, लवंग. सकाळी आंगणात उकिडवं बसून, डाव्या तळहातावर चिमूट घेऊन दात घासणारी माणसं मी अहेरीपासून जिवतीच्या पहाडावरपर्यंत पाहिली आहेत. लग्न होऊन सावली गावाहून आलापल्लीला आले तेव्हा माझ्या माहेरीही तोच डबा होता. मैत्रिणी चिडवायच्या, "वंदे, तू तं मंजनाच्या घरी चालली, आता हसत राहाजो!"

हल्ली मी चंद्रपूरला असते. बचत गटांच्या बायकांना शिकवायला मला बोलावतात. घरगुती माल कसा टिकवायचा, जुनी नावं का बुडाली, असा विषय असतो. मी पाच कारणं सांगते. टीव्हीवरच्या जाहिराती. ट्यूबमधली पांढरी पेस्ट. पत्र्याचे डबे महाग होणं. पोरांना काळ्या मंजनाची लाज वाटणं. पुढच्या पिढीने लक्ष न देणं. बायका लिहून घेतात. उदाहरण म्हणून मी आमच्याच धनेशचं देते, आणि दर वेळी कोणीतरी हळहळतं — किती चांगलं मंजन होतं हो.

पाचही कारणं खरी आहेत. पण आमच्याकडे ती पाचही नंतर आली.

आधी जैनीबाईबद्दल सांगायला हवं. आलापल्लीच्या पुढे, पक्क्या रस्त्यापासून दोन कोस आत तिचं गाव. गोंड घरातली. सासूबाईंच्याच वयाची, त्यांना अक्का म्हणायची. सासऱ्यांनी मंजन सुरू केलं तेव्हापासून हिरडा तिचा. कुठलं झाड कधी हलवायचं, फळ सावलीत किती दिवस ठेवायचं, ते तिच्या हातात होतं. माल तयार झाला की सासूबाई चिमूटभर तिच्या हातावर ठेवायच्या. ती हिरडीला लावायची, डोळे मिटून जीभ फिरवायची, दारापलीकडे थुंकायची आणि म्हणायची, "होय." ते 'होय' झाल्याशिवाय डब्याचं झाकण बसत नसे. मग त्यातलेच काही डबे गाठोड्यात बांधून ती आतल्या गावांच्या बाजारांत विकायची. तिकडे आमच्या मंजनाला धनेश कोणी म्हणतच नसे. तिकडे ते जैनीचं मंजन होतं.

मी आले आणि यादी आली. सासूबाईंचं सगळं डोक्यात असायचं — कधी लवंग राहून जायची, कधी झाकणं मोजायची राहायची. मी एका पुठ्ठ्यावर बारा कामं ओळीने लिहून भिंतीला लावली. निवडणे, भाजणे, कुटणे, पहिलं वस्त्रगाळ, दुसरं वस्त्रगाळ… प्रत्येकापुढे खुणेची जागा. सासूबाईंना फार कौतुक. आल्यागेल्याला दाखवायच्या, "पाय बरं, आमच्या सुनेने कसं मांडलं! आता विसराले जागाच नाई."

जैनीबाईचं 'होय' मी त्या यादीत घेतलं नव्हतं. ते काम थोडंच आहे, असं वाटलं मला. सवय आहे नुसती. आणि खरं सांगू? तिचं ते थुंकणं मला आवडत नसे.

आणखी एक सवय होती, ती माझी. मी खुणा आधी करायची. सकाळी कामं वाटून दिली की सगळ्या चौकटींत पटापट खुणा — पुठ्ठा भरलेला दिसला की मला बरं वाटायचं. कामं तर व्हायचीच दिवसभरात. यात खोटं काय आहे, असा विचारही कधी मनात आला नाही.

त्या वर्षी आषाढात झड लागली. सहा दिवस ऊन नाही. जैनीबाई धानाच्या रोवणीत होती, ती रोवणी आटपूनच येणार. इकडे चंद्रपूरच्या दुकानदारांकडे माल पाठवायचा दिवस मी ठरवून बसले होते — मीच ठरवलेला, दुसऱ्या कोणी घाई केली नव्हती. पहिलं गाळून झालं. दुसऱ्यासाठी मलमल लावली तर कापड दमट, भुकटी चिकटून बसायची, खाली काही पडेचना. मी भिंतीकडे पाहिलं. 'दुसरं वस्त्रगाळ' — पुढे खूण होती. सकाळीच केलेली.

मी कापड काढून दोरीवर टाकलं आणि जैनीबाईच्या 'होय'ची वाट न पाहता डबे भरायला घेतले.

एवढंच. एवढ्यावरच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखीही झाली नसती. चुका सगळ्यांकडून होतात, नाही का?

पोळ्याच्या आधी तक्रारी यायला लागल्या. हिरड्या सोलतात, रक्त येतं. एका दुकानदाराने सुधाकरभाऊजींच्या हातात डबा परत ठेवला आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "काऊन भाऊ, हिरडा सोडून रेतीघाट घेतला का तुम्ही?" भाऊजी घरी येऊन जेवले नाहीत. तान्ह्या पोळ्याला सासूबाईंनी सगळ्यांना बसवलं. रस्त्यावरून पोरं लाकडी बैल ओढत चालली होती, चाकांचा खडखडाट आत येत होता. मी वही उघडून हजेरी लिहिली.

जैनीबाई दाराजवळ बसली होती. सासूबाईंनी तिच्या हातावर चिमूट ठेवली. तिने लावलं. डोळे मिटले. थुंकली. पण 'होय' म्हणाली नाही.

"अक्का, हिरडा बराबर हाये," ती म्हणाली. "गाळला नाई याले. एकच खेप गाळला."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काऊन वं वंदना, दोन खेपा गाळलं होतं ना?"

आता बघा — इथे किती वेळ होता माझ्याकडे. कोणी ओरडलं नव्हतं. सासूबाईंचा आवाज मऊच होता. मी म्हटलं असतं, नाही गाळलं, तर काय झालं असतं? माल परत आणला असता, पुन्हा गाळला असता. सासूबाई दोन दिवस गप्प राहिल्या असत्या. भाऊजींनी वर्षभर टोमणे मारले असते. बस. पण माझी यादी चुकली, असं त्या घरात कोणी म्हणणं — तेवढं मला नको होतं.

मी उठले, भिंतीवरचा पुठ्ठा काढला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. बोट लावून दाखवलं. खूण होती.

जैनीबाई पुढे वाकून बघत राहिली. मग मला विचारलं, "काय लिवलं हाये बाई त्याच्यावर?"

मी तिला वाचून दाखवलं. "दुसरं वस्त्रगाळ. झालं." स्वच्छ आवाजात.

आणि मग — हे कोणी विचारलंही नव्हतं — मीच म्हणाले, "या साली हिरडा दोन गावांचा होता ना? एका गावचा कोवळा असेल. कोवळ्याचा कण राहतो." कुठून सुचलं मला? कोवळ्या हिरड्याचं मला काय कळत होतं? पण मी इतकं नीट, टप्प्याटप्प्याने सांगितलं की यजमान मान डोलवायला लागले.

सासूबाईंनी जैनीबाईकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे. पुन्हा जैनीबाईकडे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी वहीत बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "यादीत खूण हाये न. मंग झालंच असंन."

जैनीबाई भांडली नाही. "माह्या झाडाले खोटं नोको पाडू अक्का," एवढंच म्हणाली. पदर सावरला, उठली. सासूबाईंनी पोळ्याचं गोडधोड बांधून ठेवलं होतं तिच्यासाठी, ते तिथेच राहिलं. मी शेवटची ओळ लिहिली आणि वही मिटली.

पुढचं तुम्हाला ओळखता येईल. हिरडा आम्ही व्यापाऱ्याकडून घ्यायला लागलो — फुटका, मागच्या सालचा, मातीचा वास असलेला. गाळायचो आता तीन-तीन वेळा. मी स्वतः उभी राहून. पण चव आली नाही. सासूबाई कधी मीठ वाढवायच्या, कधी लवंग. चिमूट हातावर घेऊन दाराकडे बघायच्या. 'होय' म्हणायला कोणी नव्हतं, आणि स्वतः म्हणायचा त्यांना धीर होत नव्हता.

आतल्या गावांत लोक विचारायचे, जैनी का येत नाही? भाऊजी सरळ माणूस, घरात ठरलं तेच सांगायचे, "तिचा हिरडा खराब निघाला." बाजारामागून बाजार ते हेच सांगत गेले. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. जैनीच्या नावावर चालणारं मंजन तिकडे कोणी घेईना. आणि जैनीचा हिरडा, तिची चारोळी, तिचा डिंक — तेही कोणी घेईना. आमचं नाव उतरलं ते हळूहळू. तिचं एका पावसाळ्यात उतरलं.

पेस्ट नंतर आली. ती आली तेव्हा आमच्या डब्यात राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. कदाचित धनेश तसाही बंद पडला असता, पडलाच असता. पण लोकांनी चांगलं मंजन सोडून पेस्ट घेतली असती, तर ते वेगळं होतं. त्यांनी वाईट मंजन सोडलं. सासूबाईंनी शेवटचे रिकामे डबे उतरंडीने रचून ठेवले आणि आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "जमाना बदलला." मीही मान डोलवत राहिले.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेरवीला जैनीबाई आली. कोणी कळवलं होतं ठाऊक नाही, माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं. कमरेत वाकलेली, मुलीचा हात धरून. पंगतीत बसली नाही. मागच्या पडवीत, त्याच दाराजवळ बसली आणि पिशवीतून डबा काढला. आमचाच — पिवळा रंग गेलेला, चोचीपुरता पक्षी उरलेला. आत काळं मंजन.

"घरीच केलं," ती म्हणाली. "दोन खेपा गाळलं. त्याच झाडाचा हिरडा हाये बाई, त्याच." माझ्या तळहातावर चिमूट ठेवली. "पाय बरं, कचकच लागते का?"

मी हिरडीला लावलं. पिठासारखं होतं. लवंग, मीठ, आणि मागून येणारा तो तुरट गोडवा — माहेरच्या आंगणातला, माझ्या लहानपणाचा. कितीतरी वर्षांनी.

"नाही लागत," मी म्हणाले.

"अक्काले दाखवाचं होतं," ती म्हणाली. "करीन करीन म्हणत राहूनच गेलं. तुले दाखवलं, झालं आता. तू तं होतीस न तवा."

मी होते ना तेव्हा. तिने मला साक्षीदार धरलं होतं. त्या क्षणी पडवीत आम्ही तिघीच होतो — ती, तिची मुलगी, मी. वहीही नव्हती हातात. मी काय केलं सांगू? "चहा घेऊन जा," म्हणाले, आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्या दोघी निघून गेल्या होत्या. डबा पायरीवर होता.

तो इथे चंद्रपूरला, स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मंजन मी रोज चिमूटभर वापरलं, ते संपलं. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काय भरून न्यायचं हे मला दोन वर्षं ठरवता आलेलं नाही. वहीतली ती ओळही अजून तशीच आहे, मी खोडलेली नाही.

जैनीबाईची मुलगी अहेरीच्या बाजारात भेटली होती. म्हणाली, आईला आता दिसत नाही, पण आवाजाने माणूस ओळखते.

आता मी खुणा काम झाल्यावरच करते. आजच्या यादीत नऊ कामं होती. गॅसचा नंबर लावला. बँकेत जाऊन आले. बचत गटाच्या बायकांना पाच कारणं सांगून आले. आठांपुढे खुणा झाल्या. नववं कालच्या पानावरून उतरवलं होतं, काल परवाच्या पानावरून. उद्याच्या पानावर आत्ताच लिहून ठेवते — जैनीबाईचा डबा परत करणे.