वेळापत्रकात न बसलेलं माहेर

समोर कागद ठेवला की मॅडम तो वाचायच्या आधी उलटा करून पाहायच्या, जणू खरा मजकूर मागच्या बाजूला असणार. मग चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "याच्यात पाहुणा कुठी हाय?"

अमरावतीतल्या आमच्या कॉलेजात त्या पर्यटन विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी तिथे इतिहास शिकवायचो. पातूरच्या लेण्यांवरचा माझा परीक्षेचा प्रश्न त्यांनी असाच परत केला होता. लेण्यांचा काळ सांगा, खांबांची वैशिष्ट्यं लिहा, असा चांगला सोज्वळ प्रश्न. त्या म्हणाल्या, "सर, गुडघे दुखणारी बाई आली लेणी पाहाले, तं तिले कुठी बसवान? ते विचारा."

मी चिडलो. मला माझ्या इतिहासात कोणाचे गुडघे नको होते.

पण त्यांच्या डोक्यात मोठंच काही शिजत होतं. इतिहास, हिशेब, संभाषण आणि प्रवासाचं नियोजन या चार विषयांच्या मधल्या भिंती पाडून त्यांना एकच विषय करायचा होता. त्याची परीक्षा म्हणजे खरी सहल. मुलांनी खरी माणसं न्यायची, मित्रमैत्रिणींना पाहुणे बनवून नाटक करायचं नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने नाक मुरडलं, पण एक वर्ष करून पाहा म्हणाले. सहलीला बाहेरचे परीक्षक येणार आणि त्यांच्या अहवालावर विषय राहायचा की जायचा ते ठरणार. मॅडमच्या निवृत्तीला तेवढंच वर्ष उरलं होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, निघायच्या वेळी सामान बांधायचं सोडून नवी खोली बांधायला काढणारी.

मुलांनी पाहुणे म्हणून वलगावच्या बचत गटातल्या बाया निवडल्या आणि ठिकाण ठरलं कौंडण्यपूर. पुढारपण सानियाकडे होतं. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान, त्यामुळे बायांशी कसं बोलावं हे पोरीला घरूनच ठाऊक. कोणाला बीपी आहे, कोणाला गाडी लागते, बिनसाखरेचा चहा कोणाला, सगळं विचारून झालं. कौंडण्यपूरला तासभर, मग धरण, तिथेच जेवण, मग संग्रहालय. आराखडा मीही तपासला आणि खूश झालो.

चूक तिथेच होती. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागत नाही म्हणूनच आमच्यापैकी कोणी ते वेळापत्रकात धरलं नाही.

बायांनी देवळात रुक्मिणीची ओटी भरली आणि वर्धेच्या काठी सावली पाहून घरून आणलेले डबे सोडले. सानिया म्हणाली, "काकू, जेवण धरणावर हाय. गाडी उभी हाय."

गटाच्या अध्यक्ष शकूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "माहेरी येऊन उभ्या उभ्या जातेत का बाई? जेवतो, जराशा लवंडतो, मंग पाहू."

परीक्षक घड्याळाकडे पाहत होते. सानिया घाबरीघुबरी होऊन मॅडमकडे आली. "मॅडम, काय करू?"

"पाहुणे तुये हायत," मॅडम म्हणाल्या. "मले काहून इचारतं?"

मला मॅडमचा रागच आला. त्यांचा सगळा डाव पणाला लागला होता आणि त्यांनी एक शब्द टाकला असता तर बाया उठल्या असत्या. सानियाने धरणावरच्या जेवणवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि बायांमध्ये जाऊन बसली. शकूबाईंनी तिच्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला. हळूहळू बाया बोलायला लागल्या. कोणाचं माहेर आई गेल्यावर सुटलं होतं, कोणाचं भावांनी तोडलं होतं. एका म्हातारीला तर माहेरी शेवटची कधी गेली होती तेच आठवेना, आणि त्याचंच तिला हसू येत होतं. सानिया घास हातात धरून ऐकत होती. मॅडम लांब पायरीवर बसून ते पाहत होत्या. इतकं सुखी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

अहवालात आलं की नियोजित ठिकाणं पूर्ण झाली नाहीत, वेळेवर नियंत्रण नव्हतं. अभ्यासमंडळाने चार विषय पुन्हा वेगळे केले. बैठकीत मॅडम भांडतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीले पूर्ण मार्क द्या. काय कापाचं ते माह्यावालं कापा." सानियाला मार्क मिळाले आणि मॅडमचा विषय गेला. त्या अभ्यासमंडळावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

निवृत्त होऊन त्या अकोल्याला बहिणीकडे राहायला गेल्या आणि त्याच हिवाळ्यात झोपेतच वारल्या. कॉलेजातले आम्ही दोघंतिघं अंत्यविधीला गेलो होतो. मला रडू आवरलं नाही.

परवा शकूबाई कॉलेजात आल्या. नवं पातळ नेसलेल्या, हातात पिशवी. "मॅडम कुठी हायत? औंदा कुठी नेऊन राहिले, ते विचाराले आली. आमच्या बाया तयार हायत."

मॅडम गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. आता ती सहलच उरलेली नाही, हेही सांगायला हवं होतं. ते माझ्या तोंडून निघेना.

डोळे पुसून त्या उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "तुमी तं हाय नं सर? मंग फोन करजा."