दुपारचा पहारा

माघात माझ्या बालमैत्रिणीचं लग्न झालं. तिच्या घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज मीच शिवले होते. हळदीच्या दिवशी तिची आई आमच्याकडे आली, ब्लाउजांची पिशवी घेतली आणि माझ्या आईला म्हणाली, संध्याकाळी या हां वहिनी. मी मशीनवर तिच्या समोरच बसले होते. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी तिच्या लक्षातच आले नाही, एवढंच.

आमचं गाव खर्डी स्टेशनपासून आत. शिवणाला येणाऱ्या बायका मापं मला देतात, पण बोलतात आईशी. गळा मोठा नको म्हणावं तिला, असं माझ्यादेखत आईला सांगतात. मोठेपणी ठाण्याच्या डॉक्टरांनी मला ऑटिझम असल्याचं सांगितलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला बोचतो. मी स्वतःत मग्न नाही हो. चारचौघींत बोलायची माझी पाळी कधी येते ते मला उमगत नाही, आणि उमगेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही, मोठा आवाज सोसवत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, हिला एकटंच बरं वाटतं. शेजारच्या ओट्यावर बायका तांदूळ निवडायला बसल्या की मी मशीन थांबवून त्यांचं हसणं ऐकत राहते, हे कुणाला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी हळदीचा बँजो घरापर्यंत ऐकू येत होता. मी कानांवर उशी धरून मारुतीरायाला म्हटलं, मला बरं कर असं मागत नाही. एकदा कुणीतरी माझ्याकडे बघून मला बोलवू दे. काहीच झालं नाही. मनात आलं, देवसुद्धा आईशीच बोलत असेल.

चैत्रात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सप्ताहभर वीणा खाली टेकवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि नामस्मरण अखंड चालतं. पाळीने वीणा घेऊन उभं राहायचं, त्याला पहारा म्हणतात. कीर्तनाचे स्पीकर मला सोसत नाहीत, म्हणून मी दुपारी जायची. त्या वेळी गाव पंगतीला बसलेलं असायचं आणि मंडपात पहारेकरी तेवढा असायचा. मी मागच्या खांबाशी बसून ओठांतल्या ओठांत नाम घेत डोलत राही. डोलणं ही माझी लहानपणापासूनची सवय. नीट बस, नीट बस, ऐकतच मी मोठी झाले.

सप्ताह संपत आला होता. त्या दुपारी वीणा एका वयस्क मावशीच्या गळ्यात होती. मुरबाडकडून कुणाकडे तरी पाहुणी आलेली, एवढंच कानावर होतं. तिची पाळी सरली तरी बदलीचं कुणी आलं नव्हतं. नाम घेत घेत ती माझ्यापर्यंत आली.

"बाय, माजे पाय भरून आले. घे गो."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. खाली बघत मी पुटपुटले, मला नाय जमणार, कुणाला तरी बोलवा.

"तुलाच तर बोलवतेय. रोज बघते तुला. तुज्या तोंडातलं नाव थांबत नाय."

तिने वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. वीणा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायची रीतच आहे. पण माझ्या पाया याआधी कुणी पडलं नव्हतं. मीही वाकले. उठले तेव्हा तिचे पाय धूसर दिसत होते.

मग मी उभी राहिले. तार छेडली की तिचा नाद बरगड्यांत उतरायचा. इथे काय बोलू हे शोधायचं नव्हतं, आपली पाळी ओळखायची नव्हती. रामकृष्णहरी, पुन्हा रामकृष्णहरी. मी मनसोक्त डोलत होते. पंगती उठून बायका मंडपात आल्या. हिच्याकडे वीणा कुणी दिली, असं आता कुणी विचारेल असं वाटलं. कुणीच विचारलं नाही. एक जण पुढे येऊन बसली आणि माझ्या लयीत नाम घेऊ लागली. मग दुसरी. मग सगळ्याच. किती वेळ गेला मला कळलं नाही. शेवटी शेजारचे काका आले, माझ्या पाया पडले, वीणा घेतली आणि म्हणाले, "बरी उभी राहिलीस."

मावशी मला पुन्हा दिसली नाही. आईने चौकशी केली. ज्या घरची पाहुणी म्हणून विचारावं, ते म्हणायचे, आमची नव्हे, पलीकडच्यांची असेल. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या बाजूची असावी, असं कुणीतरी सांगितलं.

पौषात मी कानांत कापूस घालून म्हशाच्या जत्रेला गेले. तिथे गेल्यावर ध्यानात आलं की मी तिचा चेहरा नीट पाहिलेलाच नाही. मला ठाऊक होते ते तिचे पाय. भेगाळलेल्या टाचा, एका करंगळीला नख नाही. त्या अफाट गर्दीत मी पाय बघत फिरले. भेगाळलेल्या टाचा जिथे तिथे होत्या.

गावातल्या बायका अजून आईशीच बोलतात. ओट्यावरचं हसू ऐकलं की माझं मशीन अजून थांबतं, आणि ते दुखणं जाईल असं मला वाटत नाही. पण देवाने कुणाच्या मुखाने हाक मारावी, कधी मारावी, हे आता मी त्याच्यावर सोडलं आहे. एकदा मारली, हे माझ्या जन्माला पुरेसं आहे.

त्या दिवशी जत्रेत शेवटी रांगेतून पुढे सरकत मी देवापुढे पोचले. डोकं टेकवून एवढंच म्हटलं, जिला पाठवलंस, तिला सांग, मी आले होते.