झिगुलीच्या दारावरची रेघ

ओमुर्झाक बाइकेंच्या जुन्या झिगुली गाडीवरची रेघ मी घालवली, आणि वर त्यांनाच विचारलं, "मग, बक्षीस काय?"

काराकोल शहराच्या बाजारामागे सुयुमकान एजेंची गाड्या धुण्याची शेड आहे. तिथं कामाला लागून मला तेव्हा तीन आठवडे झाले होते. बादली न सांडता उचलता आली की आपल्याला सगळं येतं असं वाटतं, त्यातले ते दिवस. आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला बाइके आणि बाईला एजे म्हणतात. बाइकेंना पुतण्याच्या लग्नाला जायचं होतं. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "नुसती धू. बाकी कशाला हात लावू नकोस."

हिरव्या गाडीच्या डाव्या अंगाला मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एक पांढरट रेघ होती. मला वाटलं, बिचारे पैशांपायी सांगत नसतील. शेडमध्ये एक कोरियन बाटली पडून होती. तिच्यावरचं एकही अक्षर मला कळत नव्हतं, पण चित्र होतं. एका चित्रात ओरखडा, दुसऱ्यात नाही. आतलं मलमही हिरवं. तासभर घासलं, वरून मेण चढवलं. दार असं चमकायला लागलं की त्यात मी माझे केस नीट केले.

बाइके आले आणि दारावरून हात फिरवत गेले. मग परत मागे आले आणि पुन्हा फिरवला.

"रेघ कुठंय?"

"गायब! आणि तेही फुकटात."

ते उपड्या बादलीवर बसले. लग्नाला गेलेच नाहीत. एजेंनी चहाचं भांडं आणलं, मला डोळ्यांनीच गप्प केलं, आणि दोन वाट्या चहा पोटात गेल्यावर बाइके बोलायला लागले.

तीस वर्षं त्यांनी डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. पहाटे जायचं, अंधारात यायचं. मुलगी बेगिमाय बहुतेक वेळा झोपलेलीच दिसायची. एका रविवारी मात्र ते घरी होते, गोठ्याच्या छपरावर गवत रचत. खाली अंगणात आठ वर्षांची बेगिमाय मामेभावाची सायकल घेऊन झिगुलीला टेकली होती. हँडलचं रबर केव्हाच गेलेलं, नुसतं लोखंड. गाडीचा आधार घेत तिनं पायडल मारलं.

"मागच्या दारावर रेघ वेडीवाकडी होती," बाइके म्हणाले. "पुढच्या दारावर आली तशी सरळ झाली. आणि आरशाच्या अलीकडे संपली. तिथं तिनं गाडी सोडली."

"पडली?" मी विचारलं.

"पडतेय कशाला! तशीच फाटकातून बाहेर."

एजेंनी वाटी खाली ठेवली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

बाइकेंनी वाटी दोन्ही हातांत धरली. "म्हणालो, माझी गाडी!"

बेगिमाय रस्त्यातच उतरली, सायकल हातानं ढकलत परत आणली आणि भिंतीला लावून ठेवली. त्यानंतर वडिलांसमोर ती कधी सायकलवर बसली नाही. त्यांना शाब्बास म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणू असं ठरवलं, मग संध्याकाळी टँकर पंक्चर झाला. पुढे ती मोठी झाली, मॉस्कोला बेकरीत कामाला लागली, त्याला अकरा वर्षं झाली. बाइकेंची बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. आता घरात ते आणि झिगुली. रोज फाटक उघडायला जाताना त्या रेघेवरून बोट फिरवत जायचं, आरशापाशी बोट सुटायचं, एवढं त्यांचं ठरलेलं होतं.

मी म्हणालो, "बाइके, मी खिळ्यानं तशीच नवी काढून देऊ का?"

एजेंनी ओलं फडकं माझ्या थोबाडावर मारलं. योग्यच होतं ते.

पुढच्या शनिवारी बाइके हजर. "आजपासून माझी गाडी मी धुणार. तू नुसतं सांगायचं. हात खिशात ठेवून."

तर असं साठी उलटलेल्या माणसाला मी शिकवायला लागलो, मला येत होतं त्याहून जास्त. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. दोन बादल्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी आणि दुसरीत मळका हातमोजा खळबळायचा. गोल गोल घासायचं नाही. उन्हात मेण लावायचं नाही. बाइके मेण असं थापायचे, जणू पावावर साय.

"पातळ, बाइके, पातळ! पाहुणे नाही आलेत."

"आले तर?" ते म्हणायचे, आणि आणखी बोटभर मेण घ्यायचे.

मेण वाळलं का ते बोटाच्या मागच्या बाजूनं बघतात. बाइके मात्र डाव्या दारावर अख्खा तळवा ठेवायचे आणि तिथंच थांबायचे. मी दुसरीकडे बघायला शिकलो. त्या धंद्यातलं माझं पहिलं खरं शिक्षण तेच. एक गोष्ट मात्र मी दर शनिवारी बजावायचो, "भांड्यांचा साबण गाडीला चुकूनही लावायचा नाही. सगळं मेण खरवडून नेतो."

"कळलं रे, गुरुजी."

हिवाळ्यात धुणं बंद. मार्चमध्ये एके सकाळी हॉर्न वाजवत झिगुली शेडमध्ये शिरली, ती माझ्या बादलीवरच. बाइके टोपीशिवाय उतरले, हात कोपरापर्यंत लाल.

"शाम्पू संपला होता. पाणी गरम केलं आणि..."

"भांड्यांचा साबण?" मी ओरडलो. "सहा महिने मी काय..."

"ओरड नंतर. दार बघ."

दाराला चमक म्हणून उरली नव्हती. आणि त्या निस्तेज हिरव्यावर, मागच्या दारापासून, पांढरट, वेडीवाकडी, मग सरळ होत गेलेली रेघ.

एजे वाकल्या, नखानं चाचपून पाहिलं आणि हसत सुटल्या. "अरे एल्दियार, तू नुसती मलमानं बुजवली होतीस! रेघ घालवणंसुद्धा तुला जमलं नाही!"

आयुष्यात कुठलं काम बिघडल्याचा एवढा आनंद मला झाला नाही.

तो शुक्रवार होता. बेगिमायचा फोन शुक्रवारीच येतो. बाइकेंनी घरी जायची वाटही पाहिली नाही. शेडमध्येच तो घेतला, पडद्यावर पिठानं पांढऱ्या झालेल्या टोपीतला चेहरा.

"आके," ती वडिलांना म्हणाली, "कुठं आहात? थंडी आहे का?"

"आहे. तुझ्याकडे?"

"आहे."

मी बाइकेंच्या कोपराला ढोसलं. त्यांनी फोन दाराकडे वळवला आणि मागून पुढे, हळूहळू नेला, आरशाच्या अलीकडपर्यंत. चालता चालता फोन वर-खाली होत होता, त्यामुळे सरळ भागही तिला वाकडाच दिसला असणार.

तिनं चेहरा पडद्याजवळ आणला. मग ती म्हणाली, "अजून आहे होय ती? मला वाटलं, तुम्ही केव्हाच रंग लावून घेतला असेल. आके, लावून घ्या ना. मी पैसे पाठवते. मीच खराब केली होती."

"नको," बाइके म्हणाले. "तू..." आणि फोन दुसऱ्या हातात घेतला. मी आणि एजे जवळ सरकलो. "तू जेवलीस का?"

"जेवले. ब्रेक संपला, आके. पुढच्या शुक्रवारी."

पडदा काळा झाला. एजे म्हणाल्या, "एक शाब्बास म्हणायचं होतं, ओमुर्झाक."

"माहीत आहे." त्यांनी हातमोजा पाण्यात बुडवला. "घाईघाईत सांगायची गोष्ट नाही ती."

"बावीस वर्षं झाली."

"मग आणखी एक आठवडा."

त्या दिवशी त्यांनी सगळ्या गाडीला मेण लावलं, अगदी पातळ, मी शिकवलं तसं. रेघेच्या वर बोटभर आणि खाली बोटभर जागा सोडून. त्याला तीन शुक्रवार झाले. दर शनिवारी मी विचारतो, "म्हणालात?" ते म्हणतात, "थांब, चाकं राहिलीत."