गादी रडत नाही

अण्णा दूध आणायलासुद्धा फेटा बांधून जात. के. आर. पुरमच्या त्या अपार्टमेंटमध्ये सकाळी अर्ध्या चड्डीतल्या मंडळींमध्ये हा एकच केशरी फेटा दिसे. लिफ्टमध्ये शिरताना ते गरज नसताना मान वाकवत आणि म्हणत, "एवढंच नमतो बघ मी, ते पण यंत्रापुढं."

जहागिरीबरोबर बंगळूरला आलेलं त्यांचं घराणं. जहागीर केव्हाच गेली, फेटा आणि रिवाज तेवढे राहिले. आमच्या सिनेमासाठी मीच त्यांना शोधून काढलं होतं. मी बेळगावची, त्या सिनेमात सहायक दिग्दर्शक होते. गोष्ट एका छोट्या संस्थानाच्या राजाची होती. युवराज वारतो. राजानं खाली यावं, आपल्यासारखं रडावं म्हणून लोक फाटकाशी जमतात, आणि रिवाज त्याला उतरू देत नाही. राजा झालेल्या नटाला फेटा बांधायला आणि गादीवर बसायला शिकवणं हे अण्णांचं काम.

"मांडी हलवू नको रे," ते त्याला दटावत. "गादी आहे ती, बसस्टॉप नव्हे." नट बिचारा त्यांच्यावर जीव टाकी.

खटका उडाला तो शेवटच्या प्रसंगावरून. राजा फेटा हातात घेऊन लोकांत उतरतो आणि रडतो, असं दिग्दर्शकाच्या मनात होतं. अण्णा ऐकेनात. त्यांच्या घरात कर्त्या पुरुषानं धाकट्याच्या मरणाला फेटा उतरवायचा नाही, प्रेताबरोबर जायचं नाही, असा नियम होता.

"अण्णा, आजच्या लोकांना रडणारा राजा पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला.

"लोकांना पाहिजे असंल. गादी रडत नाही. ती रडली की घर कुणाकडं बघणार?"

प्रसंग दिग्दर्शकाच्या मनासारखाच झाला. अण्णा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

सिनेमाचं संकलन चालू असताना अण्णांचा एकुलता एक मुलगा, प्रताप, गेला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून घरी येताना त्याची मोटरसायकल ट्रकखाली आली. मी पोचले तेव्हा खाली पार्किंगमध्ये त्याला ठेवलं होतं. ऑफिसातली मुलं गळ्यातल्या ओळखपत्रांसकट उभी होती. सगळे वर बघत होते. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अण्णा फेटा बांधून ताठ उभे होते.

सून सुमती ओरडून म्हणाली, "मामा, खाली या. स्वल्प वेळ तरी या. त्याला एकदा हात लावा."

अण्णा हलले नाहीत. "काय दगड माणूस आहे," माझ्या शेजारचा कुणीतरी पुटपुटला. गाडी फाटकाबाहेर गेली तरी ते तसेच उभे होते. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेनाही. दिवसकार्य होताच सुमती धारवाडला माहेरी निघून गेली. जाताना ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

महिन्याभरानं मी गेले तर दार उघडंच होतं. अण्णा प्रतापच्या पलंगावर बसले होते, खांदे पार उतरले होते. फेटा मात्र डोक्यावर होता. त्यांनी मला शेजारी बसायला खुणावलं. मग म्हणाले, "आता घरात बघणारं कोण राहिलं नाही गं. म्हटलं, आता रडावं. येईनाच. आतनं नुसतं भाजतंय."

मी शेजारी बसले तसं त्यांनी विचारलं,

"त्या नटाला तुम्ही कसं रडवलात? मी बघितलं नाही तवा. काय सांगितलात त्याला?"

"काही नाही, अण्णा. फेटा उतरवून हातात धर, एवढंच सांगितलं होतं."

त्यांचे हात डोक्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "माझ्यानं नाही होत," ते म्हणाले. "तू काढ."

मी फेटा उतरवून त्यांच्या हातात दिला. तो छातीशी धरून, डोळे मिटून, अण्णा वाट बघत बसले. खाली दुधाची गाडी येऊन गेली. डोळे कोरडेच होते.